मास्तरांची रविवारची गाडी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. हे गाडी शिकवणारे मास्तर. डोक्यावर फलक लावलेली एक पांढरी गाडी भर चौकात आचके देत बंद पडते, मागचे सगळे हॉर्न वाजवून जीव खातात, चालवणारीच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं, आणि तिच्या शेजारच्या सीटवरचा माणूस शांतपणे म्हणत असतो, "हरकत नाही. परत सुरू करा." तो माणूस म्हणजे मास्तर. शिकणारे त्यांना सर म्हणत, गल्लीतले मास्तर म्हणत, आणि बायको 'अहो' म्हणे. बायकोलाही मग लोक मास्तरीणबाई म्हणायला लागले, आणि तिने बिचारीने उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलेलं नव्हतं.

मास्तरांच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला होता. शिकणाऱ्याचा धीर सुटला की मास्तर आपल्या पायाने गाडी थांबवत. पण लगेच नाही हं! त्यातच तर सगळी विद्या होती. समोर काही आलं की ते आधी म्हणायचे, "ब्रेक." मग शिकणाऱ्याच्या पायाकडे बघायचे. पाय हलला तर उत्तम. नाही हलला, तर पुन्हा एकदा जरा मोठ्याने, "ब्रेक!" आणि तरीही नाही हलला, तरच आपला पाय दाबायचा. आधीच दाबला तर समोरचा कधी शिकतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एक डोळा रस्त्यावर आणि एक डोळा लोकांच्या चपला-बुटांवर, असा त्यांचा दिवस जायचा. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय, ते मास्तरांना विचारावं.

आणखी एक युक्ती त्यांनी काढली होती. सकाळची पहिली शिकणारी मागच्याच गल्लीत राहायची. ती चालत यायची, गाडी काढायची आणि शिकत शिकत दुसऱ्याच्या दाराशी न्यायची. तिथे ती उतरे, दुसरा बसे. दुसरा तिसरीच्या दाराशी. असं करत करत गाडी गावभर फिरायची, आणि संध्याकाळचा शेवटचा जो असेल तो मास्तरांना त्यांच्या घरी आणून सोडायचा. पेट्रोल वाया नाही, वेळ वाया नाही. मास्तरांना या युक्तीचा भारी अभिमान. इतर गाडी शिकवणारे रिकाम्या गाड्या पळवत असतात, आणि आपण? आपण शेजारची सीट सोडतसुद्धा नाही!

सोडत नव्हतेच. तिथेच तर घोडं अडलं होतं.

एकदा एका लग्न ठरलेल्या मुलीने गाडी चालवता चालवता सहज विचारलं, "सर, तुम्ही स्वतः लांब कुठे कुठे गेलायत हो गाडी घेऊन?" मास्तर म्हणाले, "समोर बघा." पण त्या संध्याकाळी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. लांब? कुठे गेलो होतो आपण? मुलगी लहान होती तेव्हा तिला घेऊन तलावापर्यंत. त्यानंतर? गाडी आपली, किल्ली आपली, आणि स्टिअरिंगला आपला हात लागून किती काळ लोटला ते आठवेना. रविवारी तर त्या पांढऱ्या गाडीकडे बघणंही त्यांच्या जिवावर यायचं. आत बसलं की घामाचा वास यायचा, लोकांच्या भीतीचा. आठवडाभर दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसलेला माणूस रविवारी दुपारी जो आडवा व्हायचा, तो दिवे लागले की उठायचा, आणि उठल्यावर आणखीनच दमलेला दिसायचा.

अशातच गॅरेजमध्ये ती हिरवी गाडी आली. एक डोळ्यांचे डॉक्टर गाव सोडून चालले होते, त्यांनी ती गॅरेजवाल्याकडे विकायला दिली होती. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, दोन दारं, दोनच सीट, कापडी छत, ते बटणं काढून मागे दुमडायचं. मास्तर पांढऱ्या गाडीचा क्लच बदलायला गेले होते. क्लच त्यांच्याकडे सारखाच बदलावा लागे. ते हिरव्या गाडीत चालकाच्या जागी नुसते बसले आणि बसूनच राहिले. त्यांनी शेजारी वाकून बघितलं. शेजारच्या सीटच्या पायाशी काही म्हणजे काही नव्हतं. नुसती जमीन.

"घेऊन टाका मास्तर," गॅरेजवाला म्हणाला. "सोमवार ते शनिवार घोडा, रविवारी मजा."

मास्तरांनी खरंच घेतली. कशी घेतली, काय मोडलं, ते सोडून द्या. माणसाने आयुष्यात एकदा तरी हिशोब न करता काही करावं.

घरी मात्र उलटतपासणी झाली. "एक गाडी आहे ना आपल्याकडे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ती कामाची."

"आणि ही?"

मास्तर घुटमळले. "ही अशीच."

"अशीच म्हणजे?"

"मजेसाठी," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले. तो शब्द त्यांच्या तोंडात बसेना. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं होतं ते मिटलं आणि त्या म्हणाल्या, "बरं. ठेवणार कुठे?" मुलगी परगावी संसारात होती, तिने फोनवर बातमी ऐकली आणि म्हणाली, "बाबांना काय भिकेचे डोहाळे लागलेत का?" त्यावर मात्र मास्तरीणबाई फोनवरच कडाडल्या. आपण बोलू ते वेगळं, लेकीने बोलायचं काम नाही.

आता मजा म्हणजे काय फुकट मिळते की काय! पहिल्या रविवारी मास्तर भल्या सकाळी उठले, गाडीवरचं आच्छादन काढलं, कापडी छत मागे टाकता टाकता बोटं चेमटून घेतली, आणि किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. बॅटरी उतरलेली. गल्लीतल्या चौघांनी ढकलली. ढकलताना प्रत्येकाने काही ना काही बोलून घेतलं. "मास्तर, ब्रेकवरचा पाय काढलात ना?" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "दुसरी गाडी म्हणजे दुसरा संसार हो, मास्तर, आधी विचारायचं होतं." गाडी काही सुरू झाली नाही. मास्तर दमून घरात येऊन आडवे झाले.

दुसऱ्या रविवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, बायको-पोरांसकट. त्याला कुठून तरी कुणकुण लागली होती. दोन सीटच्या गाडीत एका वेळी एकच माणूस मास्तरांशेजारी मावणार, म्हणजे सगळ्यांना एकेक चक्कर मारून आणणं आलं. गल्लीच्या टोकाला वळसा, परत दारात. पुढचा. परत वळसा. गिअर टाकताना मास्तरांचं तोंड असं झालं होतं की मास्तरीणबाईंनी चहाचं निमित्त काढून भावाला घरात ओढला. "झाली तुमची हौस. आता माणसाला जरा श्वास घेऊ दे," त्या भावाला म्हणाल्या. मेहुणा रागावून लवकर गेला. गेला तर गेला.

गल्लीतलं येणारंजाणारं प्रत्येक माणूस आता विचारू लागलं, "काय मास्तर, मजा आहे ना?" आणि मास्तरांना हो म्हणावं लागे. मजेची अशी हजेरी द्यावी लागेल, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मात्र सगळं जुळून आलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मास्तरीणबाई डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसल्या. गाव मागे पडलं, कारखान्यांच्या लांबलचक भिंती मागे पडल्या, आणि पुढे मोकळा रस्ता लागला. वारा तोंडावर. शेजारी कुणी थरथरत नव्हतं, कुणी "सर, मला नाही जमणार" म्हणत नव्हतं. मास्तरीणबाईंनी चपला काढून पायावर पाय टाकले होते. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं.

आणि हीच चूक झाली. डोकं रिकामं झालं, आणि रिकाम्या डोक्यात इतक्या वर्षांची सवय येऊन बसली.

पुढच्या वळणाच्या अलीकडे एक टेम्पो उभा होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी गच्च भरलेला. तो काही अचानक आला नव्हता. चांगला लांबून दिसत होता. मास्तरांनी पाहिला आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "ब्रेक."

मास्तरीणबाईंना वाटलं स्वतःशीच बोलतायत.

मास्तरांनी शेजारी पायांकडे पाहिलं. ते पाय एकावर एक पडलेले, आरामात. हलत नव्हते. "ब्रेक!" मास्तर मोठ्याने म्हणाले. मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघायला लागल्या. टेम्पो आता केवढा मोठा दिसत होता! मास्तर ओरडले, "अहो बाई, ब्रेक!" आणि पाय दाबला, पण तो चालकाचा पाय नव्हे, तो शेजारच्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांचा पाय होता, जिथे त्यांच्या बाजूचा ब्रेक असायचा तिथे. तिथे काही नव्हतं. खऱ्या ब्रेकवर पाय जाईपर्यंत व्हायचं ते झालं.

फार मोठं काही झालं नाही, हे नशीब. बॉनेटचं नाक चेपलं, टेम्पोचा दोर तुटला आणि पाच-पंचवीस खुर्च्या धडाधड गाडीवर कोसळल्या. छत मागे टाकलेलं होतं, त्यामुळे एक खुर्ची सरळ मास्तरीणबाईंच्या मांडीवर येऊन बसली. टेम्पोवाला शिव्या द्यायला धावत आला. जवळ आला आणि जागच्या जागी थबकला.

"सर? तुम्ही?"

झालं! तोही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. मास्तरांनी मान खाली घातली. पण मास्तरीणबाई बाईमाणूस मोठी धीराची. त्यांनी मांडीवरची खुर्ची उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हो. मी यांना तिकडे काहीतरी बघा बघा करत होते. मेली माझी बडबड."

टेम्पोवाला हसला. "काकू, गाडी चालवणाऱ्याशी बोलायचं नाही, सरांचाच नियम आहे." दोघांनी मिळून खुर्च्या परत चढवल्या. मास्तर स्टिअरिंग धरून बसून राहिले होते. मास्तरीणबाई जरा लंगडत होत्या, पण मास्तरांनी पाहिलं की सरळ चालायच्या.

घरी येऊन दोघं स्वयंपाकघरात बसले. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही मला ब्रेक मार म्हणालात."

"हो."

"मला गाडी येत नाही."

"माहितीय."

"तुम्ही चालवत होतात."

"माहितीय गं!"

मास्तरीणबाईंना हसू फुटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पदराने डोळे पुसले, आणि परत हसल्या. "अहो बाई म्हणालात मला!" मास्तरांनीही हसायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

गॅरेजवाल्याने बॉनेट ठोकून सरळ केलं, रंग लावला, गाडी दारात आणून उभी केली. मास्तरांनी तिच्यावर आच्छादन टाकलं ते टाकलंच. पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही. गल्लीतले विचारत, "मास्तर, मजा बंद का?" ते म्हणत, "वेळ कुठे आहे." आठवड्याचे दिवस ठीक जात. शेजारच्या सीटवर बसलं की सगळं जागच्या जागी असे. ब्रेक म्हणायचं, पाय बघायचा, नाही हलला तर दाबायचा. पण एका संध्याकाळी शेवटचा शिकणारा उतरून गेल्यावर मास्तर पांढऱ्या गाडीतच सरकून चालकाच्या जागी बसले, नुसतं बघू म्हणून. गाडी बंदच होती. तरी तळहाताला घाम फुटला. कुठला पाय कुठे ठेवायचा ते त्यांना क्षणभर कळेना. जन्मात पहिल्यांदा बसलेल्या पोरीला जसं कळत नाही तसं. ते घाईघाईने उतरले, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि घरात शिरले.

गाडी शिकवणाऱ्याला गाडी चालवता येत नाही, हे बाहेर फुटलं असतं तर मास्तरांचं दुकान बंद झालं असतं, हे खरंच. पण दुकानाचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. दुसरंच काहीतरी आत टोचत होतं. गावातल्या अर्ध्या लोकांना रस्त्याला लावलं, आणि आपल्यासाठी एक दिवस मागितला तर तोही आपल्याच पायांनी नासवला. त्यांना स्वतःची कीव आली, आणि कीव आल्याचा संताप आला. वर ती गाडी दारात! येता-जाता दिसायची. आच्छादनाखालीसुद्धा तिचा आकार दिसायचा. पांढरा हत्ती म्हणावा तर हिरवा!

शेवटी त्यांनी गॅरेजवाल्याला फोन केला. "ने बाबा परत. गिऱ्हाईक बघ." तो म्हणाला, "सोमवारी येतो."

रविवारी मास्तर खिडकीपाशी पेपर धरून बसले होते. वाचत नव्हते. मास्तरीणबाई रुमाल बांधून, चपला घालून समोर येऊन उभ्या राहिल्या.

"चला."

"कुठे?"

"फिरायला. मजेला."

"उद्या गाडी चाललीय."

"जाऊ दे की. उद्या जाईल. आज आहे ना दारात?"

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "मला भीती वाटते," ते म्हणाले. इतक्या सरळ शब्दांत त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "तू शेजारी असलीस की माझा पाय हलणार नाही. मी तुझ्या पायाकडे बघत बसेन. तुला काही झालं म्हणजे?"

"मी सांगते ना काय करायचं ते."

"तुला काय येतंय?"

"काही येत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण रोज झोपेत बडबडता ते सगळं मला पाठ आहे. तुम्ही म्हणता ते मी म्हणेन. तुम्ही फक्त ऐकायचं. उठा."

वाद घालायचीही ताकद नव्हती म्हणून मास्तर उठले. आच्छादन काढलं. छत राहू दिलं. ते चालकाच्या जागी बसले, मास्तरीणबाई शेजारी, एकदम ताठ, मांडीवर दोन्ही हात.

"आधी आरसा बघा," त्या म्हणाल्या. "काय दिसतंय?"

"तू."

"अगं बाई, आत्ता रुमाल सारखा करायला फिरवला होता. नीट करा तो. आता क्लच दाबा. तो मधला ना?"

"कडेचा."

"तेच म्हणते मी. कडेचा दाबा. आता गिअर. हळूच सोडा. ह-ळू-च."

गाडी एक आचका देऊन बंद पडली. मास्तरांच्या कानशिलावर घाम आला. गल्लीत समोरच्या बाल्कनीत कुणीतरी उभं होतं. "हरकत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, त्यांच्याच सुरात. "परत सुरू करा. घाबरू नका, मी आहे."

मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांना म्हटलं असेल! त्यांना मात्र कधी कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कोण? "समोर बघा," मास्तरीणबाई दटावून म्हणाल्या, आणि त्यांनी समोर बघितलं.

दुसऱ्यांदा गाडी निघाली. मोठ्या रस्त्यावर काही गेले नाहीत ते. रविवारची बंद दुकानं, बँकेची मागची बाजू, शाळेची भिंत, असल्या आतल्या रस्त्यांनी गोगलगायीसारखे चालले. मास्तरीणबाईंचं तोंड चालूच. कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं झोपलेलं असलं तरी ब्रेक. वाऱ्याने उडालेल्या पिशवीलासुद्धा त्यांनी ब्रेक मारायला लावला. "अगं, ती पिशवी आहे," मास्तर म्हणाले. "मला काय माहीत? आधी थांबावं, मग बघावं." असली मास्तरीण कुणाला मिळाली तर तो शिकणारा पहिल्याच दिवशी कानाला खडा लावेल! पण मास्तर ऐकत होते. म्हटलं की दाबत होते. बऱ्याच दिवसांनी कुणाच्या पायाकडे बघायची गरज नव्हती.

शाळेची भिंत संपते तिथल्या बोळातून एक रंगारी सायकलवरून बाहेर आला. खांद्यावर लांब शिडी, शिडीचं टोक आधी रस्त्यात आणि माणूस मागून.

"ब्रेक!" मास्तरीणबाई किंचाळल्या, आणि डोळेच मिटून घेतले.

काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. गाडी उभी होती. शिडी बॉनेटच्या पुढून सावकाश गेली, रंगाऱ्याने हात वर करून आभार मानले, आणि तो गेला.

"मी ओरडायच्या आधीच थांबलात की हो तुम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली, भिंतीलगतच्या सावलीत, आणि बंद केली. जिंकल्याबिंकल्यासारखं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर सगळं अंगच खाली पडलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ते म्हणाले, "दमलोय गं मी."

"माहितीय मला."

"नाही, तुला नाही माहीत. रविवारची दुपार झोपून काढली की जाणारं हे दमणं नव्हे. रोज उठायचं आणि कुणीतरी मरणार आहे असं समजून बसायचं. कुणी मरत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. मला आता कुणाचाच पाय बघायचा नाहीये. कुठे जायचंही नाहीये, खरं सांगू? ही गाडी घेतली तेव्हा वाटलं, लांब जाईन. मला लांब जायचंच नव्हतं. मला फक्त कुणी काही विचारायला नको होतं."

मास्तरीणबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मास्तर रडत होते की काय, ते त्यांनी बघितलं नाही. "झोपा थोडं," त्या म्हणाल्या.

"इथे? रस्त्यात?"

"इथेच. मी बघते रस्त्याकडे."

मास्तरांना हसू आलं. बघते म्हणे! गाडी बंद, किल्ली खिशात. पण सीट मागे केली, मान टेकवली, आणि पाय लांब सोडले. रस्त्यावरून मधूनच एखादी सायकल जात होती. त्यांना वाटलं, एक मिनिटभर डोळे मिटू.

जाग आली तेव्हा भिंतीची सावली रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. मान अवघडली होती. तोंड कोरडं. पहिल्यांदा कळेचना कुठे आहोत. मग शेजारी पाहिलं. मास्तरीणबाई होत्या तशाच बसलेल्या, पाठ सीटला न टेकवता, डोळे समोर रस्त्यावर. रुमाल सुटून खांद्यावर आला होता, तो परत बांधलेला नव्हता. आणि त्यांचा एक हात दोघांच्या मधल्या हँडब्रेकवर होता, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली होती.

"अगं, गाडी बंद आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे."

"हात दुखला असेल तुझा."

"दुखू दे. तुम्ही झोपलेले. कुणीतरी नको का लक्ष ठेवायला?" त्या म्हणाल्या. रस्त्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "अजून झोपायचं असेल तर झोपा. घाई नाहीये."

मास्तरांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. आता उठावं, चहा तरी पाजावा हिला, असं त्यांच्या मनात आलं. पण ते उठले नाहीत. त्यांनी परत डोळे मिटले.